अफूचे बोंड, शासनाचा कायदा आणि आपले दुकान

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘अमली पदार्थांविरुद्ध शासनाचा लढा’ हा विषय दिला, तेव्हा मी त्यांना म्हणालो की या विषयावर बोलण्यासाठी एखाद्या पोलीस अधिकाऱ्यास वा विधिज्ञास पाचारण करावे. मी अडतीस वर्षे औषधांचे दुकान चालविलेला एक सामान्य व्यापारी. परंतु संयोजकांचा आग्रह मोडवेना. नंतर विचार करता असे वाटले की या लढ्याची एक चौकी आपल्या दुकानाच्या फळीवरही असते आणि त्या चौकीवर मी बसलो होतो. मी तेथे जागा होतो की झोपलेला, हे भाषणाच्या ओघात येईलच.

माझ्या मातोश्रींचे माहेर मध्य प्रदेशातील मंदसौर जिल्ह्यातले. साठ वर्षांपूर्वी फाल्गुनात तेथे एका लग्नास गेलो असता मी प्रथम अफूचे शेत पाहिले. शेजारच्या पाटीदार कुटुंबाकडे सरकारी पट्टा होता. पांढऱ्या फुलांच्या पाकळ्या गळून गेलेल्या आणि हिरवी बोंडे उभी. दुपारी त्या बोंडांना बारीक पात्यांनी उभे चिरे द्यायचे, रात्रभर त्यांतून चीक पाझरायचा आणि भल्या पहाटे तो खरवडून भांड्यात गोळा करायचा. शेताला राखण लागे ती चोरांपेक्षा पोपटांसाठी! पोपटांना या बोंडांची अशी चटक लागते की हाकलले तरी ते परत येतात. मामा हसून म्हणाले होते, “यांना कोणता कायदा लावायचा?”

त्या शेताला मात्र कायदा होता आणि आजही आहे. केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचे मुख्यालय ग्वाल्हेरला असून त्याच्या परवान्यावाचून या देशात अफूचे एक रोपही लावता येत नाही. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या तीन राज्यांतील ठरावीक भागांतच पट्टे मिळतात. शेताची मोजणी होते, गावागावात लंबरदार नेमलेला असतो, दररोजच्या चिकाची नोंद होते आणि सगळा चीक ठरलेल्या दिवशी सरकारच्या तोल केंद्रावर आणून द्यावा लागतो. ठरलेल्या किमान प्रमाणाहून उतारा कमी आला तर पुढील वर्षीचा पट्टा धोक्यात येतो. हा माल नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत जातो. त्यांपैकी गाझीपूरचा कारखाना तर १८२० सालचा, कंपनी सरकारच्या अमदानीतला. तेथे या चिकापासून मॉर्फिन, कोडीन अशी औषधे तयार होतात आणि अफूची निर्यातही होते. १९८१ च्या नियमानुसार अमेरिकेतील औषध कंपन्यांना अशा कच्च्या मालाचा किमान ८० टक्के भाग भारत व तुर्कस्तान या दोन देशांकडूनच घ्यावा लागतो. अर्थात मंदसौरच्या बोंडातला चीक अमेरिकेतल्या रुग्णाची वेदना शमवीत असतो. ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

थोडे मागे जाऊ. ज्या सरकारने पुढे अफूविरुद्ध शस्त्र उपसले, तेच सरकार एकेकाळी अफूचे सर्वांत मोठे व्यापारी होते. बंगालची अफू कंपनी सरकार स्वतः पिकवून घेत असे. माळव्याची अफू मात्र संस्थानी मुलखातली, तिच्यावर इंग्रजांचा ताबा नव्हता. ती पालीवरून, जैसलमेरच्या वाळवंटातून कराचीला आणि तेथून पोर्तुगीजांच्या दमणला जाई व चीनच्या जहाजांवर चढे. अडवता येत नाही असे पाहून १८३१ मध्ये इंग्रजांनी पेटीमागे शुल्क घेऊन ती मुंबईमार्गे नेण्याची मुभा दिली. मुंबई शहराच्या वैभवाच्या पायात या पेट्यांचा पैसा आहे.

आणि येथे मला जरा संकोचाने बोलावे लागते. या व्यापारात सर जमशेटजी जीजीभाई होते, तसे आपले शेठ मोतीचंद अमीचंदही होते. होय, भायखळ्याच्या आदिनाथ मंदिराचे आणि शत्रुंजयावरील टुंकेचे निर्माते मोतीशा शेठ! १८३४ साली मुंबईत मुक्या जनावरांसाठी पांजरपोळ उभी राहिली, ती याच मंडळींच्या दातृत्वातून. त्यांना दोष देण्यास मी उभा नाही. तो व्यापार त्या काळी राजमान्य होता आणि राज्यकर्ताच त्यात भागीदार होता. तथापि आपल्या शास्त्रकारांनी श्रावकाला वर्ज्य असे जे पंधरा कर्मादान सांगितले, त्यांत विषवाणिज्य आहे, हेही सर्वांस ठाऊक आहे. कायद्याने जे चालते ते सारे आपल्या व्रतात बसते असे नाही, एवढेच मला येथे नोंदवायचे आहे. आपल्यापैकी अनेकांच्या मूळ गावी, मारवाडात, लग्नाला व दुखवट्याला अमल गाळून पाहुण्यांपुढे धरण्याची रीत होती. इकडे मुंबईच्या गिरण्यांतील मायमाउल्या तान्ह्या मुलांना बाळगोळी देऊन कामावर जात. तेव्हा ‘अमली पदार्थ म्हणजे कुठल्यातरी परक्या लोकांचे पाप’ ही आपली समजूत इतिहासाला धरून नाही.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात औषधाखेरीज मादक पेये व आरोग्यास अपायकारक द्रव्यांचे सेवन थांबविण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. १९४९ मध्ये केंद्र व राज्यांच्या परिषदेत दहा वर्षांत अफूचे बिगर-औषधी सेवन बंद करण्याचे ठरले. त्यानंतर १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यातही भारत सामील झाला. एवढे असूनही शिक्षा जुन्याच होत्या. १९३० च्या कायद्यान्वये तस्करास पहिल्या गुन्ह्यासाठी जास्तीत जास्त तीन वर्षे. ऐंशीच्या दशकात एका बाजूला अफगाणिस्तान-पाकिस्तान आणि दुसऱ्या बाजूला ब्रह्मदेश अशा दोन उत्पादक प्रदेशांच्या मधोमध आपला देश सापडला. मुंबई-पुण्यात ‘गर्द’ हा शब्द घरोघरी पोहोचला तो याच सुमारास. पुण्यात डॉ. अनिल व डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केले ते या गर्दच्याच लाटेत.

या पार्श्वभूमीवर १९८५ चा गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम आला. ऑगस्टमध्ये विधेयक मांडले गेले आणि १४ नोव्हेंबरपासून कायदा लागूही झाला! आपल्या संसदेत इतकी घाई क्वचित दिसते. किमान दहा वर्षे सक्तमजुरी आणि किमान एक लाख रुपये दंड. मार्च १९८६ मध्ये नार्कोटिक्स कंट्रोल ब्यूरोची स्थापना झाली. १९८९ मध्ये जामीन जवळजवळ अशक्य करण्यात आला व विशिष्ट गुन्हा दुसऱ्यांदा करणाऱ्यास फाशी अनिवार्य केली गेली. (ही अनिवार्यता मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये घटनाबाह्य ठरविली.) हेतू शुद्ध होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण जाळे विणताना मासा कोणता धरायचा याचा विचार अपुरा राहिला. चार पुड्या बाळगणारा व्यसनी तरुण आणि टोळीचा सूत्रधार यांच्या शिक्षेत पुरेसा भेद करण्यास २००१ साल उजाडावे लागले. तेव्हा प्रथमच ‘अल्प’ व ‘व्यापारी’ प्रमाण अशी वर्गवारी झाली. आज हेरॉईनसाठी ५ ग्रॅमपर्यंत अल्प आणि २५० ग्रॅमपासून व्यापारी अशी मर्यादा आहे.

त्याच जाळ्यात आणखी कोण सापडले, हे आता सांगतो. घरातली गोष्ट आहे, क्षमा असावी.

आमच्या मातोश्रींना आम्ही सारे ‘बाई’ म्हणत असू. १९९५ मध्ये त्यांच्या स्तनाचा कर्करोग पाठीच्या मणक्यांत उतरला. रात्र-रात्र त्यांचे कण्हणे ऐकू येई. डॉक्टर सज्जन होते. ते म्हणाले, “यांना मॉर्फिनच्या गोळ्या द्यायला हव्यात. पण आमच्याकडे परवाना नाही आणि शेठजी, तुमच्याकडेही नसणार.” नव्हताच. माझ्या दुकानात हजारांवर औषधे होती, पण ते एक नव्हते. तेव्हा मॉर्फिन ठेवायचे तर बाळगण्याचा परवाना वेगळा, परराज्यातून आणण्याचा वेगळा, तिकडून पाठविण्याचा वेगळा, वाहतुकीचा वेगळा. प्रत्येक राज्याचे नियम निराळे आणि एक कागद हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत टळलेली. हिशेबात एक गोळी कमी-जास्त भरली तर पुढ्यात दहा वर्षे! साहजिकच रुग्णालयांनी आणि दुकानदारांनी ते औषध ठेवणेच सोडून दिले. वैद्यकीय महाविद्यालयांत ते कसे द्यावे हे शिकविणेही मागे पडले.

माझे धाकटे बंधू मुंबईस गेले. खूप खटपटीनंतर दहा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. त्या दहा दिवसांत बाई रोज सकाळी उशीला टेकून बसत आणि सामायिक करीत. पूर्ण अठ्ठेचाळीस मिनिटे, नवकारवाली हातात घेऊन. अकराव्या दिवसापासून पुन्हा ते घडले नाही. त्यानंतर त्या अठरा दिवस होत्या. भेटीस येणारी काही मंडळी सद्भावनेने म्हणत, “वेदना समभावाने सोसली की निर्जरा होते.” मी काही बोललो नाही. पण समभाव ज्याने त्याने स्वीकारायचा असतो. परवान्याच्या अभावी तो दुसऱ्यावर लादता येत नाही, असे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते. ज्या गावात बाई लहानाच्या मोठ्या झाल्या, त्या गावच्या शेतांतला चीक समुद्रापार जात होता.

ही एकट्या आमच्या घरची कथा असती तर मी सांगितली नसती. १९८५ नंतर या देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. १९९७ मध्ये तो अवघ्या १८ किलोवर आला होता. एवढ्या मोठ्या देशात अठरा किलो! आणि याच काळात गर्द काही कमी झाली नव्हती. कडकपणा म्हणजे नियंत्रण नव्हे, हे मला या एका आकड्याने जितके पटले तितके कोणत्याही युक्तिवादाने पटले नसते.

चूक सुधारण्यासाठी ज्यांनी वर्षानुवर्षे चिकाटी धरली त्यांत केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल अग्रणी होत. १९९८ मध्ये केंद्राने राज्यांना सोप्या नियमांचा नमुना पाठविला, केरळने तो लवकर स्वीकारला, अनेक राज्यांनी बासनात बांधून ठेवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेले. अखेर २०१४ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन व हायड्रोकोडोन ही सहा ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधे’ ठरली आणि २०१५ च्या केंद्रीय नियमांनी साऱ्या देशासाठी एकच रीत घालून दिली. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाकडील एका मान्यतेवर ही औषधे ठेवता येतात. संस्थेत वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा, नोंदी चोख हव्यात. डॉ. राजगोपाल यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. दुरुस्ती मात्र आमच्या बाईंसाठी एकोणीस वर्षे उशिरा आली.

आता दुसरी बाजू. सरकारला दोष देऊन झाल्यावर स्वतःकडे पाहणे प्राप्त आहे. १९८८-८९ चा सुमार असेल. एक महाविद्यालयीन मुलगा रोज संध्याकाळी खोकल्याच्या कोडीनयुक्त सिरपच्या दोन बाटल्या नेई. चिठ्ठी नाही, खोकला नाही. कोडीन हेही त्याच बोंडाचे अपत्य. परंतु ठरावीक मर्यादेपर्यंत कोडीन असलेल्या सिरपला १९८५ च्या कायद्यातून सवलत होती, त्याला साधे औषधविक्रीचे नियम लागू. चिठ्ठी मागणे माझे काम होते. मी मागितली नाही. दोन महिन्यांनी त्याचे वडील आले, बाकावर बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “शेठ, तुम्ही त्याला ओळखत होता ना?” एवढेच. तो मुलगा पुढे उपचार घेऊन सावरला, आज त्याचे स्वतःचे दुकान आहे आणि रस्त्यात भेटला की तो आदराने नमस्कार करतो. मला मात्र अजून त्याच्याकडे नीट पाहवत नाही.

तेव्हा जाळे जेथे घट्ट होते तेथे माझी आई अडकली आणि जेथे सैल होते तेथे ते सैल ठेवणारा मीच होतो.

ही बाब किरकोळ समजू नये. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूवर्गीय पदार्थांचे सेवन करतात. लोकसंख्येच्या १.१४ टक्के हेरॉईन घेतात आणि ०.९६ टक्के औषधी स्वरूपातील अफूवर्गीय द्रव्ये. म्हणजे औषधांच्या बाटल्या व गोळ्या हेरॉईनच्या जवळजवळ बरोबरीने उभ्या आहेत. हेरॉईन सीमेपलीकडून येते. गोळी आपल्याच कारखान्यातून, आपल्याच घाऊक विक्रेत्याकडून, आपल्याच फळीवर येते. मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-वन’ लागू झाले. त्यातील औषध देताना डॉक्टरचे व रुग्णाचे नाव, औषध व प्रमाण वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. ट्रॅमाडोल तर २०१८ मध्ये थेट १९८५ च्या कायद्याखालीच आणावे लागले. आपल्या समाजातील किती बांधव या व्यवसायात आहेत, हे मी सांगायला नको. त्यांनी घरी गेल्यावर ती वही एकदा उघडून पाहावी. निरीक्षक येण्याच्या आदल्या रात्री एकाच शाईने लिहिलेली वही कशी दिसते, ते मला चांगले ठाऊक आहे!

वर्तमानपत्रांत गाजतात त्या मोठ्या धाडी. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात महसूल गुप्तचर संचालनालयाने सुमारे तीन हजार किलो हेरॉईन पकडले. अफगाणिस्तानातून इराणच्या बंदर अब्बासमार्गे आलेल्या त्या मालावर शंखजिऱ्याच्या दगडांचे लेबल होते. अधिकाऱ्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. परंतु अलीकडे धोक्याची दिशा बदलली आहे. एप्रिल २०२२ मध्ये अफगाणिस्तानात तालिबानने अफूवर बंदी घातली आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या पाहणीनुसार पुढच्याच वर्षी तेथील लागवड ९५ टक्क्यांनी घटली. पण आता शेताची गरजच उरलेली नाही. मेफेड्रोन, ज्याला मुले एम.डी. म्हणतात, ते रसायनांपासून बनते. २०१५ मध्ये त्याचा समावेश कायद्यात झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी माग काढला तेव्हा त्याचा कारखाना कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत, दौंड तालुक्यात निघाला. उपग्रहाने अफूचे शेत दिसते, केंद्रीय यंत्रणा त्या चित्रांच्या आधारे बेकायदा पीक उपटतेही. पत्र्याच्या छपराखालची भट्टी उपग्रहाला कशी दिसावी? ती भाड्याने गाळा देणाऱ्याला दिसते, रसायनाचे पिंप विकणाऱ्याला दिसते, ट्रक लावून देणाऱ्याला दिसते. ॲसेटिक ॲनहायड्राइड, एफेड्रिन यांसारख्या रसायनांवर सरकारी नियंत्रण आहे, पण ग्राहकाचा चेहरा पाहणारा पहिला माणूस व्यापारीच असतो.

शासनाने काय करावे याची यादी वाचून मी आपला वेळ घेणार नाही. एक मात्र सांगावेसे वाटते. याच कायद्याच्या ६४-अ कलमानुसार जो व्यसनी स्वतःहून उपचारास तयार होतो त्याला अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. हे आपल्या पालकांना माहीत नसते. मुलगा पकडला जाईल या भीतीने, आणि त्याहून अधिक सोयरीक मोडेल या भीतीने, आपण गोष्ट झाकून ठेवतो. माझ्या माहितीतील एका प्रतिष्ठित घराने मुलगा ‘परगावी शिकायला’ आहे असे दोन वर्षे सांगितले. तो वरच्या खोलीत होता. केंद्र सरकारचा १४४४६ हा विनामूल्य दूरध्वनी आहे, तेथे नाव न सांगताही विचारपूस करता येते.

आता ट्रस्टपुढे एक विनंती ठेवून रजा घेतो. आपल्या ट्रस्टचे वैद्यकीय मदत केंद्र आज रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या सवलतीत देते, पलंग व ऑक्सिजन घरी पोहोचविते. कर्करोगाने अखेरच्या अवस्थेत असलेल्या रुग्णांच्या घरी जाऊन वेदनाशमन करणारी एक तुकडी त्याला जोडता येईल. मान्यताप्राप्त संस्थेचा अर्ज करावा लागेल, एका डॉक्टरांना प्रशिक्षणास पाठवावे लागेल, कुलूपबंद कपाट आणि दोन नोंदवह्या लागतील. आपल्या गावातील एका तरुण भूलतज्ज्ञ भगिनींनी प्रशिक्षणाची तयारी दर्शविली आहे. त्या आज सभागृहात आहेत, पण नाव घेऊ नका म्हणाल्या. नोंदवह्या सांभाळण्याचे काम मी करीन. आता मी दुकान मुलांवर सोपविले आहे, वेळ आहे आणि वही लिहिण्याची माझी जुनी उधारीही आहे. अर्जाचा नमुना मी सोबत आणला आहे, तो अध्यक्षमहोदयांच्या हाती देतो.

बोलण्यात कोणाचे मन दुखावले असल्यास मिच्छा मि दुक्कडम्. जय जिनेंद्र!